शेपूट धरायची नाही

डायरीच्या शेवटच्या पानावर आठ नावं आहेत,
सगळी वजनाने माझ्याहून भारी.
लहान प्राण्यांचं कौतुक आहे,
पण त्यांच्यासाठी रजा टाकवत नाही.

नियम एकच: शेपूट धरायची नाही.
ताडोबात पहिल्या खेपेला
बांबूत शिरणारी पिवळी शेपूट दिसली.
बाकीच्या जिपांत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते,
मी खूण केली नाही.
पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेले,
नजरानजर झाली, मग केली.
काझीरंगाचा गेंडा चिखलासकट.
मिरिस्साचा देवमासा ओकाऱ्या काढत,
पण अख्खा.
सलालाहच्या वाटेवरचे उंट घे यादीत, म्हणून मकरंद मागे लागला.
घेतले नाहीत. त्यांना मालक असतो.

नोव्हेंबरातल्या शुक्रवारी, पहाटे साडेपाचला
अद-दूरच्या धक्क्यावरून जासिमची होडी निघाली
हवारच्या दिशेने.
तो म्हणाला, बगर अल-बहर.
मी म्हणाले, समुद्रगाय.
दोन भाषांनी एकमेकींना न विचारता
एकच नाव ठेवलेलं.

इंजिन बंद. पाणी ताकासारखं.
दीड तासात थर्मास रिकामा झाला,
जासिमचे दोन भाऊ, एक मेहुणा आणि पेट्रोलचा भाव
बोलून संपले.
मग त्याने खाली बोट दाखवलं:
तळाच्या गवतातून गेलेला फिका पट्टा,
वीतभर रुंद, वेडावाकडा, लांबच लांब.
रात्री इथून चरत गेली, म्हणाला.
मुळासकट उपटून.

यादी घेऊन मी आलेले,
आणि रेघ तिने आधीच मारून ठेवलेली.

डावीकडे, वीसेक हातांवर,
दोन भोकं उघडली. काळी, ओली.
फुस्स.
शिट्टी व्हायच्या आधी कुकर जो दम टाकतो, तसं.
मिटली.
दीड सेकंद.
माणसांची हृदयं कागदावर उतरवायची नोकरी आहे माझी,
दीड सेकंद मला कळतो.

डोळे नाहीत, पाठ नाही.
शेपूटही नाही, की नियम मोडायचा मोह तरी व्हावा.
चार क्विंटलचं जनावर, दिसलं दोन बटणांएवढं.
झालं ना? जासिम म्हणाला. लिही.
मी पेनाचं टोपण काढलं,
थोड्या वेळाने परत लावलं.
नाकाचं काय करायचं, ते नियमात नव्हतं.

रविवारी वॉर्डात हाजी मुबारक, वय सत्त्याऐंशी.
छातीवरचे पांढरे केस थोडे भादरून
मी सहा चिकट्या लावल्या.
त्यांचे वडील मोती विकायला मुंबईला जायचे,
घरात तेव्हापासूनची हिंदी.
शुक्रवारी कुठे होतीस, विचारलं.
सांगितलं.
"खाया है मैंने," ते म्हणाले.
"छोटा था तब. बछड़े के माफिक लगता है."

दोन-तीन आठवड्यांपूर्वीच वसुबारस झालेली.
मनामातल्या सातव्या मजल्यावर
मातीची गाय आणि तिचं वासरू पुजून
मी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाल्लेली.
हातातली वायर हातातच राहिली.

बोलू नका, म्हटलं, रेघा बिघडतात.
ते कुठले ऐकायला!
जाळ्यात गुरफटलेली होती, त्यांनी नाही पकडली.
चरबीचं तेल आईने डब्यात भरून ठेवलं,
होडीच्या फळ्यांना वर्षभर पुरलं.
आणि वाळूवर ओढल्यावर ती कशी करत होती,
ते त्यांनी डोळे मिटून, नाकाने करून दाखवलं.

फुस्स.

मशीनवर सगळ्या रेघा एकदम वर उडाल्या,
मग खाली आल्या, थरथरत राहिल्या.

डॉक्टरांसाठी मी दुसरी पट्टी काढली.
पहिली माझ्या डायरीत आहे, चौघडी करून.
असला कागद चार-पाच वर्षांत फिका पडतो, ठाऊक आहे.
सातव्या नावापुढे खूण नाही.
पेन्सिलीने फक्त लिहिलंय:
नाक.